विंचवाच्या सिस्टर

दवाखान्यात मला नावानं फारसं कुणी ओळखत नाही. केसपेपर हातात धरून आलेली बाई खिडकीशी विचारते, "त्या विंचवाच्या सिस्टर हायेत का आज?" माझ्या डाव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, विंचू गोंदलेला आहे. सुई देताना डाव्या हातानं पेशंटचा दंड धरावा लागतो, तेव्हा तो विंचू नेमका त्याच्या डोळ्यांसमोर येतो. लहान मुलं रडायची थांबून बघत राहतात. "चावतो का?" असं एखादं विचारतं. तेवढ्यात सुई जाऊन बाहेर आलेली असते.

कळंब तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांतून माझी तीस वर्षं होत आली. संध्याकाळी घरी आल्यावर पाय सुजलेले असतात. बूट काढले की पायांवर मोज्यांचे वळ दिसतात, आणि पाच मिनिटं मी कुणाशी बोलत नाही. या वयात माणसाला आपल्या अंगाचा विसर पडायला हवा. पण माझ्या अंगाबद्दलची लोकांची मतं अजून संपलेली नाहीत. विंचू लई भारी दिसतोय म्हणणारे भेटतात, शिकलेल्या बाईला हे शोभत नाही म्हणणारेही भेटतात. मी दोघांनाही "हं" म्हणते आणि पुढचा केसपेपर घेते. मागच्या वर्षी हे प्रकरण माझ्या लेकीपर्यंत गेलं. त्यात मी जे केलं ते मला अजून पचलेलं नाही. ते सांगायचं तर आधी विंचवाचं सांगावं लागेल.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. वडील शाळेत मास्तर होते. आमच्या घरात धम्म आला तो आजोबांच्या काळात, पण तो काटेकोर पाळला वडिलांनी. गंडादोरा नाही, अंगारा नाही, नवस नाही, आणि गोंदण तर नाहीच नाही. "डाग जनावराला देत्यात, माणसाला न्हाय," असं ते म्हणायचे. हे ते मायच्या समोरच म्हणायचे. मायच्या कपाळावर भुवयांच्या मधोमध हिरवी चंद्रकोर होती आणि दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले होते. तिचं सगळं गोंदण लग्नाआधीचं, माहेरचं. वडील असं बोलले की ती परातीतलं पीठ जरा जोरात मळायची, एवढंच.

माझी मावशी अणदूरला दिलेली होती. तिच्या घरी जुनं सगळं चालायचं. एका वर्षी तिनं मला खंडोबाच्या यात्रेला नेलं. तिथं एका झाडाखाली गोंदणारी बाई बसली होती. तिच्यापुढं एक करवंटी, त्यात काळं पाणी, आणि दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या सुया.

"काय काढू?" तिनं विचारलं.

"हनुवटीला तीन टिपकं काढ, आन् हातावर इंचू," मावशी म्हणाली. "इंचू गोंदला की इंचू चावत न्हाय."

मी हो म्हणाले होते का, हे मला आठवत नाही. मी खूपदा आठवून बघितलं आहे. आठवतं ते एवढंच, की मावशीनं माझा हात आपल्या मांडीखाली दाबून धरला होता, आणि नंतर वर लावलेल्या हळदीचा वास. घरी येईपर्यंत मला ताप भरला होता.

वडिलांनी मारलं नाही. त्यांनी मला मोरीपाशी नेलं आणि साबण लावून माझा हात घासला. जखम ताजी होती. मी ओरडत होते आणि ते घासत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नाही निघालं. मग हातातला साबण ठेवून मायकडं वळून म्हणाले, "तुझ्या बहिणीनं माझ्या पोरीला मागं नेलं."

माय त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा उलटून बोलली. "तुमी देव सोडले, सण सोडले, समदं बदललं. म्या काय म्हणलं का? चांगलंच केलं. पण बाईच्या अंगावरचं डाग-डागिनं मेल्यावर समदं काढून घेत्यात. एवढंच राहतंय. ते पोरीला मिळालं तर आभाळ कोसळलं का?"

पुढं महिनाभर दोघं माझ्या तोंडून बोलत होते. "तुझ्या बापाला म्हणावं, वाढलंय." "तुझ्या मायला म्हणावं, भूक न्हाय." मी दोघांच्या मधे उभी, हातावर खपली धरलेला विंचू. एकाला तो डाग वाटत होता, दुसरीला दागिना. मला त्याची फक्त खाज यायची.

सोलापूरला नर्सिंगला गेले तेव्हा होस्टेलच्या मुलींनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'जत्रा' ठेवलं. हाताचं झाकता यायचं, हनुवटीचं कुठं झाकणार? एकोणिसाव्या वर्षी, सुट्टीत गावी आले असताना, मी बिब्बा तापवून त्याचं तेल हनुवटीच्या ठिपक्यांवर लावलं. बिब्बा उततो हे मला ठाऊक होतं, मी नर्सिंग शिकत होते. तरी लावलं. दुसऱ्या दिवशी अर्धा चेहरा सुजला. तीन ठिपक्यांतला एक गेला, आणि त्याच्या जागी डाळीएवढा काळपट व्रण राहिला. माय खोबरेल लावत बसायची आणि सारखी एकच गोष्ट बोलायची, "आधी बरी दिसत हुतीस गं, बाई. आधी बरी दिसत हुतीस."

त्यानंतर बघायला आलेल्या दोन स्थळांनी नकार दिला. एकानं निरोप पाठवला की मुलगी नोकरीवाली आहे, पण दिसायला गावंढळ वाटते. तिसऱ्या स्थळानं होकार दिला, ते माझे मिस्टर. लग्नाला चार वर्षं झाल्यावर एकदा मी धीर करून विचारलं, "तुम्हाला माझं गोंदण आवडत नाही का?" ते पेपर वाचत होते. म्हणाले, "कोणतं? मला तर ते कधी दिसलंच नाही." यात प्रेम होतं की लक्षच नव्हतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायचा कंटाळा येतो.

आता लेकीचं सांगते.

ती पुण्यात नोकरी करते, कॉम्प्युटरवर. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली. दोन दिवस लांब बाह्यांचे कपडे घालून हिंडत होती. मला वाटलं थंडी. तिसऱ्या दिवशी दुपारी ती भांडी घासत होती. बाह्या वर सारलेल्या. उजव्या हाताच्या आतल्या अंगाला, कोपराच्या खाली, एक पिंपळपान होतं. काळ्या शाईचं, बोटभर लांब. लांब शेपटीसारखं टोक आणि आत बारीक बारीक शिरा, जणू कुणी केसानं काढल्यात.

"हे कधी?" मी विचारलं.

"चार महिने झाले. नोकरी पक्की झाली ना, तेव्हा." तिनं नळ बंद केला. "मम्मी, रागावलीस?"

"रागवायला अंगात ताकद नाही. दुखलं का?"

"थोडं."

ती माझ्या चेहऱ्याकडं बघत होती. मी काहीतरी पुढं बोलेन याची वाट बघत होती. खरं सांगायचं तर ते पान मला फार सुंदर वाटलं होतं. तिच्या गव्हाळ हातावर ते आत्ताच गळून पडल्यासारखं दिसत होतं. पण मी ते बोलले नाही. "भांडी पालथी घाल," म्हणाले आणि आडवी झाले, कारण संध्याकाळची ड्युटी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावी गेलो. माय-वडील भावाकडं असतात, कळंबपासून अर्ध्या तासावर. मायला आता नीट दिसत नाही. नातीचा हात तिनं मांडीवर घेतला आणि बोटानं चाचपला.

"हाताला लागत न्हाय की काही," ती म्हणाली. "लई बारीक काढलंय. आन् एकटंच पान? झाड कुठं हाय?"

"झाड नाही काढलं, आज्जी. याला मिनिमल म्हणतात."

"म्हंजी?"

"म्हणजे कमी कमी."

"कमी कामून? कातडं हाय की भरपूर. बाजूला चार टिपकं तरी टाकायचे. नुसतं पान लई भुंडं दिसतंय."

माझी लेक हसून हसून लोळायची राहिली. मायही हसली, तिला वाटलं तिनं काही चुकीचं सांगितलं नाही. आणि तिच्या दृष्टीनं खरंच नव्हतं सांगितलं. तिच्या हातावर तुळस होती, पाळणा होता, मोर होता. मोकळी जागा सोडणं म्हणजे तिला गोंदणारीचा आळशीपणा वाटत होता.

वडील खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा लावला आणि बराच वेळ पानाकडं बघितलं. मला माझी मोरी आठवली. पण आता त्यांचे हात थरथरतात.

"कशाचं पान हे?"

"बोधिवृक्षाचं, आजोबा."

"मग हातावर कशाला? हात धुतला की माणूस विसरतंय."

"हे धुतल्यानं जात नाही, आजोबा."

"तेच म्हणतोय. न जाणारी गोष्ट आत पायजे. वर काढली की बघणाऱ्याची होतीय." एवढं बोलून त्यांनी पेपर उचलला. मग पाचेक मिनिटांनी पेपराआडूनच विचारलं, "समद्यांना एकच सुई वापरत्यात का?"

"नाही, नवी असते. माझ्यासमोर फोडली."

"बरं केलं," ते म्हणाले.

हे सगळं इतक्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं.

थंडी सरता सरता माझ्या नणंदेनं एक स्थळ आणलं. नणंद लातूरला असते, तिच्या ओळखीतले लोक. मुलगा नोकरीला, आई शाळेत शिक्षिका, घर आपल्यातलंच. मुलगा आणि आमची लेक आधी फोनवर बोलले, दोनतीन आठवडे बोलत होते. मुलगा तिला आवडला होता. हे तिनं मला सांगितलं नाही, पण त्या दिवसांत ती घरूनच काम करत होती आणि फोन आला की गच्चीवर जायची, त्यावरून कळलं. मग एका रविवारी ते लोक घरी आले. पोहे झाले, चहा झाला. मुलगी चहा देताना मुलाच्या आईनं तिचा हात बघितला. कप घेतला आणि माझ्या हनुवटीकडं बघितलं. मग माझ्या हाताकडं.

दोन दिवसांनी नणंदेचा फोन आला. "वहिनी, मुलगी पसंत आहे. सगळ्यांना पसंत आहे. फक्त ते हातावरचं तेवढं काढून टाकायचं म्हणतात."

"पान आहे ते. बोधिवृक्षाचं."

"असू दे ना. त्या बाई म्हणतात, आमच्या शाळेत मुलींनी मेंदी काढली तरी आम्ही बोलतो, आणि माझ्याच सुनेच्या हातावर टॅटू? टवाळ पोरांवानी दिसतं म्हणाल्या." मग नणंदेनं आवाज खाली आणला. "आणि म्हणाल्या, आईचं बघितलं, ते जुन्या काळातलं, ते समजू शकतो. पण हिनं शिकून सवरून?"

मी लेकीला सांगितलं. ती भडकली. तिनं मुलाला फोन केला, माझ्यासमोरच, स्पीकरवर टाकून. तो बिचारा म्हणाला, "मला तर छान वाटतं गं ते. खरंच. मी पहिल्यांदा फोटो बघितला तेव्हाच आवडलं होतं. पण घरात वाद नको ना. एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला?"

"एवढीशी गोष्ट आहे तर राहू दे की," ती म्हणाली.

"एवढीशी आहे तर काढ की," तो म्हणाला.

तिनं फोन बंद केला आणि माझ्याकडं बघितलं. मी सकाळपासून दवाखान्यात होते. लसीकरणाचा वार होता, पाठ भरून आली होती. नवरा नेहमीप्रमाणं म्हणाला, "तुम्ही मायलेकी ठरवा." आणि मी ते वाक्य बोलले. ते वाक्य माझ्या आयुष्यातून इतकं सरळ निघालं की मला थांबवताच आलं नाही.

"काढून टाक बाई," मी म्हणाले. "आयुष्यभर कुणाकुणाला उत्तर देत बसशील? मी बसले. दर ठिकाणी कुणीतरी विचारतं, कुणीतरी बघतं. थकून जातं माणूस. तुझं निघतंय तर काढून टाक."

तिनं फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, "तुला पण ते वाईट दिसतं?"

तेव्हा तरी खरं बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "वाईट-चांगल्याचा प्रश्न नाही."

सोलापूरला कातडीच्या डॉक्टरकडं गेलो. तरुण बाई होती, शांत बोलणारी. तिनं सांगितलं, चार-पाच वेळा यावं लागेल, मधे दीड-दोन महिने जाऊ द्यावे लागतील, काळी शाई आहे म्हणजे बऱ्यापैकी निघेल. पूर्ण निघेलच असं मात्र तिनं म्हटलं नाही. लेकीच्या हाताला भूल देणारं मलम लावून आम्ही तासभर बाहेर बसलो. मग डोळ्यांवर काळे चष्मे दिले. तिलाही आणि मलाही, कारण मी आत गेले होते. नर्स आहे म्हणून आत सोडलं.

मशीनचा आवाज चट चट चट असा, गरम तेलात मोहरी टाकल्यासारखा. केस जळल्याचा वास. पानाच्या रेषा एकेक करून पांढऱ्या फुगत गेल्या. तिनं दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं होतं. मी आयुष्यात हजारो लोकांना सुया दिल्या आहेत, टाके घालताना लोकांचे हात दाबून धरले आहेत. पण त्या दिवशी मला बसायला स्टूल मागावं लागलं.

झाल्यावर डॉक्टरीण हातमोजे काढत माझ्याकडं बघून म्हणाली, "मावशी, तुमचं पण निघेल बरं का. हनुवटीचं तर दोन वेळांत जाईल. जुनं गोंदण लवकर जातं."

माझ्या काही मनात यायच्या आत लेक म्हणाली, "मम्मी, तुला ते आवडतं का?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. वडिलांनी नाही, मायनं नाही, मावशीनं नाही, नवऱ्यानं नाही. मी चोपन्न वर्षांची आहे. मी माझ्या हाताकडं बघितलं. विंचवाची रेघ आता पसरली आहे, नांग्या जाड झाल्यात, त्यातून सुरकुत्या गेल्यात.

"विंचू आवडतो," मी म्हणाले. म्हणाल्यावर माझं मलाच नवल वाटलं. "हनुवटीचं आवडत नाही. पण आता त्याला हात लावायचा नाही मला. एकदा लावला, बस झालं."

डॉक्टरीण हसली आणि मलम लिहून दिलं.

घरी आल्यावर तिच्या हातावर फोड आले. तिनं आठवडाभर घरूनच काम केलं. रोज ड्युटीवरून आल्यावर मी हात धुवायचे, तिची पट्टी सोडायचे, मलम लावायचे, नवी पट्टी बांधायचे. माझं कामच ते, पण लोकांना झालेल्या जखमा मी बांधते. ही मी सांगून करून आणलेली होती. पट्टी बांधताना आम्ही दोघी एकमेकींकडं बघत नव्हतो. एकदा ती म्हणाली, "मम्मी, एवढं घट्ट नको." मी सैल केली. तेवढंच बोलणं.

दोन महिन्यांनी दुसऱ्या वेळेला गेलो. पानाचं देठ गेलं, टोक गेलं. मधला भाग राखेच्या रंगाचा राहिला.

तोवर लग्नाची बोलणी पुढं गेली होती. तारीख धरायची म्हणून लातूरला बैठक झाली. तिथं मुलाच्या आईनं सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की लग्नानंतर पुण्याची नोकरी सोडून इकडंच यावं लागेल, इकडं काही ना काही मिळेलच. मुलगा खाली बघत होता. आमची लेक म्हणाली, "हे आधी बोललं नव्हतं."

"सांगायचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "हाताचं पण सांगितल्यावर ऐकलंच की तिनं. समजूतदार आहे मुलगी."

लेक उठली. कुणाला वाईट-साईट बोलली नाही. "मला जमणार नाही," एवढं म्हणाली आणि बाहेर जाऊन चप्पल घालून उभी राहिली. मी आणि नवरा मागोमाग निघालो. एसटीत ती खिडकीशी बसली, मी तिच्या शेजारी. मुरूडला गाडी थांबली, सुटली. मग ती म्हणाली, "त्यांना वाटलं, हिचं एक निघालं म्हणजे सगळंच निघेल."



नणंदेचा फोन आला तो मी उचलला. ती हळहळली, मग माझी समजूत घालायला म्हणाली, "जाऊ द्या वहिनी. आता हात तरी साफ झाला. पुढच्या स्थळाला बरं." मी फोन ठेवून दिला. नणंद वाईट नाही. तिच्या मनात माझ्या लेकीचं भलंच आहे. सगळ्यांच्या मनात भलंच होतं, हाच तर त्रास आहे.

गावी गेलो तेव्हा मायनं पुन्हा हात चाचपला. या वेळी तिच्या बोटाला लागलं. कातडी तिथं जरा उचललेली आहे. "भाजलं का गं?" तिनं विचारलं. लेकीनं सगळं सांगितलं, लेझर वगैरे. मायला अर्धं कळलं, अर्धं नाही. ती नुसती त्या जागेवर अंगठा फिरवत राहिली.

वडील पलीकडून ऐकत होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "मला ते पान पटलं नव्हतं. पण जाळायला कुणी सांगितलं?"

"मी," मी म्हणाले.

ते काठी घेऊन उठले, अंगणात गेले, आणि बराच वेळ तिथं उभे राहिले. त्यांना त्यांचं काही आठवलं असेल का, मला ठाऊक नाही. त्यांच्या वयाच्या माणसाला मी ते विचारणार नाही.

त्या दुपारी मी लेकीला म्हणाले, "माझं चुकलं. ते पान मला आवडलं होतं. पहिल्या दिवशीच आवडलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"माहीत नाही. दमले होते."

ती चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही. म्हणाली, "मम्मी, तू नेहमीच दमलेली असतेस." यात राग नव्हता, माया पण नव्हती. नोंद केल्यासारखं म्हणाली. ते मला चिडण्यापेक्षा जास्त लागलं. मी दमलेली असते हे खरं आहे. पण दमलेल्या माणसाच्या तोंडून दुसऱ्यांचीच मतं बाहेर पडतात, हे मला इतक्या उशिरा कळलं.

उरलेल्या वेळांना ती डॉक्टरकडं गेली नाही. पुण्यातला तिचा टॅटूवाला म्हणाला आहे, वर्षभरानं कातडी बसली की त्यावरच नवीन काढता येईल, मोठं पान, नाहीतर पक्षी. ती अजून ठरवत नाही. कधी म्हणते काढीन, कधी म्हणते असंच राहू दे. मी मत देत नाही. एकदा तिनं विचारलं होतं, तेव्हा मी सांगितलं, "पक्षी मला आवडणार नाही. पण ते माझं झालं. तू बघ." तिला हसू आलं.

मागच्या महिन्यात ती दोन दिवस येऊन गेली. निघताना मी तिला स्टँडवर सोडायला गेले. तिनं अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घातला होता. पुण्याच्या गाडीला गर्दी होती. आमच्या शेजारी उभी असलेली एक बाई, मांडीएवढी पिशवी कडेवर घेतलेली, तिच्या हाताकडं टक लावून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"काय झालं गं पोरी हाताला?"

लेकीनं हात वर करून तो नीट उजेडात धरला, बाईला दिसेल असा.

"पान होतं, काकू," ती म्हणाली.

"व्हय? कशाचं?"

"पिंपळाचं."

"बरं दिसत आसंल," बाई म्हणाली आणि पिशवी दुसऱ्या कडेवर घेतली.

गाडी लागली. लेकीनं आत चढून जागा पकडली, मी खालून तिची बॅग वर दिली. तिनं खिडकीतून हात हलवला. गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत मी उभी राहिले. मग घड्याळ बघितलं. माझी दोनची ड्युटी होती.